वडिलांची अँजिओप्लास्टी प्रवास विम्याच्या अर्जात लिहावी का?

आपण न्यू जर्सीत राहता आणि आपल्या बाळंतपणासाठी आईवडील सांगलीहून पाच महिन्यांसाठी तिकडे येणार आहेत. वडील 68 वर्षांचे असून 2019 मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. प्रवास विमा काढून देणारा सांगलीचा एजंट मात्र "ते लिहू नका, पॉलिसी नाकारतील" असे म्हणतो. तेव्हा काय करावे, आणि उद्या रुग्णालयाचे बिल आले तर ते आपल्यावर येईल का, असे आपण विचारले आहे.

अँजिओप्लास्टी लिहावीच. विम्याचा करार परम विश्वासाचा, म्हणजे महत्त्वाची कोणतीही गोष्ट न लपवता करायचा, मानला जातो आणि अर्जावर सही आपल्या वडिलांची असते, एजंटाची नव्हे. शिवाय लपवलेली गोष्ट लपून राहत नाही. छातीत दुखू लागल्यावर तिकडचा डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो तो चालू औषधांचा. वडील खिशातून अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅटॉरव्हास्टॅटिनची पाकिटे काढून दाखवतील, ते केसपेपरवर लिहिले जाईल आणि दावा तपासताना विमा कंपनी तोच कागद मागवील.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये मनमोहन नंदा प्रकरणात दिलेला निकाल आपल्या उपयोगाचा आहे. प्रवास विमा काढलेले अर्जदार नंदा 2009 मध्ये लग्नासाठी अमेरिकेला गेले असता सॅन फ्रान्सिस्कोला उतरताच त्यांना त्रास झाला आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत तीन स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणाऱ्या नळ्या) बसवावे लागले. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनच्या गोळ्या चालू असल्याचे सांगितले नव्हते, या मुद्द्यावर कंपनीने दावा फेटाळला. न्यायालयाने निकाल अर्जदारांच्या बाजूने दिला. पण त्यांनी मधुमेह आधीच उघड केला होता आणि कंपनीने वैद्यकीय तपासणी करूनच पॉलिसी दिली होती, हे विसरू नये. अर्जातील रकाना कोरा राहिला असताना कंपनीने हप्ता स्वीकारून पॉलिसी दिली, तर तिला नंतर माहिती दडवल्याची तक्रार करता येत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. रकान्यात "नाही" लिहिणे ही मात्र फार वेगळी गोष्ट आहे, आणि आपला एजंट "लिहू नका" म्हणतो त्याचा अर्थ व्यवहारात तोच होतो.

आजार उघड केला म्हणजे त्याचे संरक्षण मिळालेच, असे नाही. पुष्कळ प्रवास पॉलिसींत पूर्वीपासूनचे आजार वगळलेले असतात किंवा फक्त जीवघेण्या प्रसंगी, तेही ठरावीक रकमेपर्यंत, मान्य असतात. अमेरिकेत विकत घेतलेल्या पाहुण्यांच्या विम्यातही अशा आजाराने अचानक उचल खाल्ली तरच पैसे मिळतात, आणि बऱ्याच योजनांत 70 वर्षांनंतर ती सोयही आटते किंवा बंद होते. दर उपचाराला ठरीव रक्कम देणाऱ्या स्वस्त योजना मी टाळीन, कारण तिकडच्या बिलातला उरलेला मोठा भाग आपल्यालाच भरावा लागतो. वडिलांची भारतातली मेडिक्लेम सहसा तिकडे चालत नाही, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नये.

माझे मत विचाराल तर, जीवघेण्या प्रसंगातील पूर्वीच्या आजाराची मर्यादा पुरेशी मोठी असलेली पॉलिसी भारतात मिळत असेल, तर तीच घ्यावी. दावा फेटाळला गेला तर कंपनीकडे लेखी तक्रार करून एक महिना वाट पाहावी आणि त्यानंतर, पण फेटाळल्यापासून वर्षाच्या आत, पुण्याच्या विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जावे; तिथे शुल्क नाही आणि 50 लाख रुपयांपर्यंतचा निवाडा होऊ शकतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगातही जाता येते, आणि तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करण्याची मुभा असल्याने आपल्या वडिलांना सांगलीबाहेर जावे लागणार नाही. अमेरिकन कंपनीशी भांडण झाले तर ही सोय नाही.

बिलाबद्दल सांगायचे तर, 1986 च्या तिथल्या कायद्याने मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा तिथला सरकारी आरोग्यविमा) घेणाऱ्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागाला पैशाची ऐपत न पाहता रुग्णाला तपासून स्थिर करावे लागते, पण बिल माफ होत नाही. निव्वळ मुलगी म्हणून जबाबदारी येते का, हा त्या राज्याच्या कायद्याचा प्रश्न आहे. तो तिथल्या वकिलाला विचारावा. एवढे मात्र नक्की की, दाखल करताना पुढे केलेल्या कागदावर "खर्चाची हमी घेते" अशा अर्थाचे वाक्य असेल आणि त्याखाली आपण सही केली, तर तो आपला स्वतःचा करार होतो. घाईत असाल तरी ते वाक्य वाचल्याशिवाय सही करू नका.

आता वडिलांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून उपचारांचा गोषवारा आणि औषधांची यादी घ्या, अर्ज त्यांनी स्वतः भरावा, आणि एजंटाच्या हाती देण्याऐवजी तो सर्व कागदांसह कंपनीला ईमेलने पाठवून त्याची प्रत आपल्याकडे ठेवा.