टँकवर रमत नाही, काय करू?

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे. पाणी त्याला फार आवडतं, म्हणून उन्हाळी पोहण्याच्या बॅचला घातलं. दोनच दिवसांत कान दाबून रडू लागला, टोपी ओरबाडून फेकली. सर म्हणाले, 'पुढच्या वर्षी आणा.' थांबू का?
– एक आई, मनीषनगर, नागपूर

उत्तर : थांबू नका, वेळ बदला. मे महिन्यात सकाळच्या बॅचला टँकवर पोरांची झुंबड असते, त्यात शिट्ट्या; वर छत असेल तर आवाज घुमतो. पुढच्या वर्षीही शिट्टी तीच असणार! सगळ्यांत कमी मुलं कधी असतात ते विचारा. उघडा टँक असेल तर ऊन चढायच्या आतली वेळ घ्या आणि रबरी चपला काठापर्यंत राहू द्या. आपल्याकडे मेमध्ये फरशी चटके देते, आणि काही मुलांना बिथरायला तेवढंही पुरतं.

सिलिकॉनची टोपी केस ओढते. कापडी घ्या. घरी आंघोळीच्या वेळी आधी अर्धा मिनिट घाला, मग वेळ वाढवा.

पहिल्या दिवशी पाण्यात उतरवूच नका. कोणी नसताना टँक दाखवा आणि गेट, कपडे बदलायची खोली, शॉवर, पायऱ्या, किकबोर्ड (धरून पाय मारायची तरंगती फळी), टॉवेल असे सहा फोटो काढून घरी त्याच क्रमाने दाखवा. मग फक्त पंधरा मिनिटं. मजेत असतानाच बाहेर काढा. रडूच लागला तर मात्र अडवून धरू नका. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं कमी करा.

सरांना अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या : एका वेळी एकच सूचना, 'पळू नको'ऐवजी 'चाल', सांगून झाल्यावर पाच-दहा सेकंद थांबायचं, शिट्टीऐवजी हात वर. आणि काठावरून तुम्ही ओरडायचं नाही. घोटाळा बहुतेकदा इथेच होतो. सर एक सांगतात, आई दुसरं, आणि मूल दोन्ही सोडून देतं.

स्वमग्नता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते. सरळ प्रवेशच नाकारला तर हे जरूर सांगा, पण पहिल्या भेटीत चिठ्ठीच जास्त कामाची.

पाण्याची ओढ असलेल्या पुष्कळ स्वमग्न मुलांना खोल पाण्याची भीती नसते. त्यामुळे हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस पाण्यातच हवं. दंडात घालायच्या हवेच्या फुग्यांवर विसंबू नका. फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि सरांनाही सांगा.