आधी तो विसार परत मागा

(हातकणंगले तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र. मुलगी कोल्हापुरात एमबीबीएसची इंटर्नशिप करतेय. तिला नेत्ररोग घेऊन, बुरशीमुळे बुबुळावर होणाऱ्या जखमांवर उपचार आणि संशोधन करायचंय. वडिलांना ती रेडिओलॉजिस्ट व्हायला हवीय. ‘तिला समजावा,’ असं ते लिहितात.)

नमस्कार दादा,

पत्र दोनदा वाचलं. राजारामपुरीतल्या गाळ्याची लांबी-रुंदी, भाडं, सोनोग्राफीचं मशीन कुठं बसवायचं, सगळं त्यात आहे. विसारही देऊन झालाय. मुलीचं म्हणणं मात्र एका ओळीत: ‘बुरशीचं खूळ डोक्यात घेतलंय.’

ते कुठून आलं, तेही तुम्हीच लिहिलंय. ऊस तोडताना तिच्या चुलत्यांच्या डोळ्याला पात लागलं, दुकानातनं थेंब आणून घातले, पुढं डोळ्यात फूल पडलं. त्यांचा हात धरून दवाखान्याच्या फेऱ्या मारणारी नववीतली पोरगी हीच. याला खूळ म्हणू नका. आपण हे का शिकतोय, ते सांगता न येणारी मुलं मला रोज भेटतात.

मला खरी काळजी वाटली ती शेवटच्या वाक्याची. ‘ऐकलं नाही तर पीजीला एक रुपया देणार नाही.’ हे तिला बोलला असाल, तर आजच मागं घ्या. घरून असं ऐकलेली मुलं पुस्तक उघडून बसतात, पान उलटत नाही. नीट-पीजी, नेत्ररोगात तीन वर्षांची एमएस, मग कॉर्नियाची (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची) फेलोशिप, ही वाट तिला माहीत आहे.

‘संशोधन करणाऱ्याला पेशंट नसतात, तो लॅबमध्ये बसून असतो,’ हा तुमचा समज मात्र काढायला हवा. पात्यानं बुबुळ खरचटतं आणि त्या जखमेत फ्युजेरियम किंवा अॅस्परजिलससारखी बुरशी वाढते. डॉक्टर जखम हलकेच खरवडून कण काचेवर घेतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही मिनिटांत बुरशीचे धागे दिसू शकतात. ते दिसले की नॅटामायसिन या बुरशीवरच्या औषधाचे थेंब सुरू. तिथं न तपासता स्टेरॉइडचे थेंब पडले, तर बुरशी फोफावते. तपासणं, उपचार, नोंदी, हे सगळं एकच डॉक्टर करू शकतो. मदुरा फूट या पायाच्या आजारामागे बुरशी असल्याचं हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी १८६० च्या सुमारास मांडलं, तेव्हा ते मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात होते. पुढं आपल्याकडच्या साताऱ्यात ते सिव्हिल सर्जन होते.

रेडिओलॉजीइतका पैसा सुरुवातीला मिळणार नाही, हे खरं. पण मोतीबिंदूची ऑपरेशनं करत कॉर्नियाचं काम करणाऱ्याचं घर नीट चालतं.

तिला माझ्याकडे पाठवू नका. विसार परत मिळत असेल तर घ्या. गळीत हंगाम सुरू झाला, की एक सकाळ सरकारी दवाखान्याच्या नेत्र विभागाबाहेर बाकावर बसा. डोळ्यावर फडकं धरून आलेल्या ऊसतोड कामगाराला विचारा, पात लागून किती दिवस झाले.

आणि तुमच्या भावालाही विचारा, पुतणीनं काय शिकावं ते. पत्रात त्यांचं मत कुठंच नाही.