प्रिंटर आणि शेअर्ड फोल्डर चालतात, पण एकाच पीसीवर इंटरनेट नाही. बाकीच्यांचं सुरू आहे. काय तपासू?

आधी डिफॉल्ट गेटवे (पीसी बाहेर जाण्यासाठी वापरतो तो राउटरचा पत्ता) बघा. प्रिंटर, शेअर्ड फोल्डर तुमच्याच नेटवर्कमध्ये आहेत, तिथपर्यंत जायला गेटवे लागत नाही. बाहेर पडायला मात्र लागतोच. त्यामुळे केबल किंवा लॅन कार्ड बदलायच्या मागे लागू नका.

कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करून एंटर द्या. डिफॉल्ट गेटवेसमोर काहीच नसेल किंवा शेजारच्या चालू पीसीपेक्षा वेगळा पत्ता असेल (तिथे १९२.१६८.१.१, इथे १९२.१६८.१.२५४), तर दोष सापडला. बहुधा कुणीतरी हाताने स्टॅटिक आयपी (पीसीचा नेटवर्कमधला कायमचा पत्ता) टाकलेला असतो आणि राउटर बदलला तरी जुना गेटवे तसाच राहतो. नेटवर्क कनेक्शनच्या आयपीव्ही४ प्रॉपर्टीजमध्ये आयपी आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) दोन्ही ऑटोमॅटिक करा. त्याआधी जुने आकडे कृपया लिहून ठेवा. या पीसीवरचं फोल्डर इतर जण आयपीने उघडत असतील तर तोच आयपी ठेवून फक्त गेटवे दुरुस्त करा.

गेटवे बरोबर आहे? मग ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते बघा (ping 8.8.8.8). रिप्लाय येतोय पण साइट उघडत नाही, तर डीएनएस बघा. तेही ठीक असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी (इंटरनेटची मागणी पुढे पाठवणारा मधला सर्व्हर) चुकून ऑन राहिलाय का ते पाहा. रिप्लायच नसेल तर राउटरमध्ये या पीसीचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डचा ओळख क्रमांक) ब्लॉक केलेला असू शकतो.