अ‍ॅनिमेतल्या पात्राने बुक्कीत कडा फोडला, तर त्याची ताकद कशी काढायची? दगड फोडायला 'घन सेंटिमीटरला 214 ज्यूल' ऊर्जा लागते, हा दर बरोबर आहे का?

नाही. हा दर वापरणं आजपासून बंद करा.

पात्रांची ताकद मोजणाऱ्या फॅन मंडळींचे घन सेंटिमीटरला ज्यूलचे तीन दर आहेत: दगड नुसता फुटला तर 8, जोरात फुटला तर 69, पीठ झालं तर 214. दगडाची मजबुती मेगापास्कलमध्ये, म्हणजे दाबाच्या एककात, घ्यायची आणि एकक जुळतं म्हणून तोच आकडा ज्यूल म्हणून लावायचा. हे तेव्हाच खरं ठरेल, जेव्हा दगड फुटायच्या आधी स्पंजासारखा पुरता दबेल. काळा दगड अर्धा टक्काही दबत नाही, त्याआधीच तडकतो. शिवाय सुरुंगात तो बराचसा ताणाने फुटतो, आणि ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या मानाने दहाव्या हिश्शाच्या आसपास असते.

मी दगडखाणीवर ब्लास्टिंगचं काम बघतो, म्हणून हे छातीठोकपणे सांगतोय. हाच वाद माझा आतेभाऊ दिवाळीत घेऊन बसला होता. कुठल्याशा पात्राने कडा पाडला, त्याचं घनफळ याने चित्रावरून काढलं, 214 ने गुणलं आणि 'शहर उडवणारी बुक्की' असं जाहीर केलं. मी म्हटलं, दगड एवढा महाग नसतो रे फोडायला. तर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "दादा, तुला सुरुंग लावता येतो, फिजिक्स वेगळं." ते मला लागलं. अजूनही लागतं.

त्याला खाणीवर नेलं. भोक 6 मीटर खोल, दगडाच्या मोकळ्या तोंडापासून, म्हणजे उघड्या बाजूपासून, अडीच मीटर आत, दोन भोकांमध्ये 3 मीटर. म्हणजे एका भोकाच्या वाट्याला 45 घनमीटर दगड, आणि तो फोडायला साधारण 22 किलो सुरुंगाची दारू. किलोला 3.8 मेगाज्यूल धरा. भागाकार केला की घन सेंटिमीटरला 2 ज्यूलही येत नाहीत, आणि त्यातलेही बरेचसे धूर, धक्का आणि उष्णतेत जातात. 214 च्या दराने त्याच दगडाला शंभरपटीहून जास्त दारू लागली असती. तेवढी भरली असती तर खाण राहिली नसती.

भोंगा झाला, लांबून बार पाहिला, सगळं तपासून झाल्यावर जवळ गेलो. ढीग तोंडासमोर घसरून बसला होता, माणसाएवढे धोंडे तसेच. मागच्या कड्यावर ड्रिलच्या भोकांचे अर्धे नळ उभे दिसत होते, आतल्या रेघांसकट. त्याला हात लावून बघायला लावलं. दारू याच भोकात होती, आणि तिच्या मागचा दगड जागचा हललेला नाही. यावर तो म्हणाला, "पण बुक्की मारणारा भोक कुठे पाडतो?"

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की खड्डा मोजू नका, तुकडे मोजा. फोडणं स्वस्त आहे, उडवणं महाग. तोच दगड सेकंदाला 100 मीटर वेगाने फेकायचा तर घन सेंटिमीटरला 14 ज्यूल लागतात, म्हणजे सुरुंगाच्या सातपट. ढिगारा किती लांब आणि किती वेळात गेला, ते बघा. स्फोटाचा गोळा दिसत असेल तर आणखी सोपं. 1945 च्या अमेरिकेतल्या पहिल्या अणुचाचणीचे फोटो बघून ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी गोळ्याची त्रिज्या आणि वेळ एवढ्यावरून साधारण 17 किलोटनचा, म्हणजे 17 हजार टन टीएनटीएवढ्या स्फोटाचा, अंदाज काढला होता. मात्र अ‍ॅनिमेत वेळ ताणलेली असते आणि मांगात, म्हणजे जपानी कॉमिक्समध्ये, वेळच नसते, हे धरून चाला.

एक गोष्ट आतेभावाच्या बाजूनेही सांगायला हवी. भोक न पाडता दगडावर नुसती दारू ठेवून उडवली तर कितीतरी पट जास्त लागते, कारण जोर हवेत जातो. बुक्कीचंही तसंच होईल. त्यामुळे माझे 2 ज्यूल ही खालची मर्यादा समजा. तरीही ढिगात धोंडे दिसत असताना पिठाचा दर लावणं चूकच.

आणि 'ड्रॅगन बॉल' या जपानी मालिकेतला चंद्र. त्यातला म्हातारा गुरू मास्टर रोशी तो कामेहामेहाने, म्हणजे हातातून सोडलेल्या ऊर्जेच्या किरणाने, उडवतो, तिथे हिशेब दगडाच्या मजबुतीचा नाहीच, चंद्राला बांधून ठेवणाऱ्या गुरुत्वाकर्षणाचा आहे. सगळे तुकडे कायमचे पांगवायला 10 च्या 29 व्या घाताच्या आसपास ज्यूल लागतात. सूर्य साडेपाच मिनिटांत तेवढी ऊर्जा बाहेर टाकतो. हा आकडा आतेभावाने काढला होता आणि तो बरोबर आहे. पण तो त्या एका किरणाचा आकडा आहे. रोशीपेक्षा मालिकेचा नायक गोकू भारी, म्हणून गोकूची प्रत्येक बुक्की चंद्र फोडणारी, म्हणून ती खाणारा प्रत्येक जण तेवढाच टणक, ही साखळी मला मान्य नाही. त्याच मालिकेत हीच माणसं डोंगरावर आपटतात आणि फुटतो तो फक्त डोंगर. तुमचे मित्र ही साखळी लावत असतील तर त्यांना आधी तो डोंगर दाखवा.