शेजारच्या देशांत काजू नि आंबा पाठवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा काजूचा लहान कारखाना आहे. ढाक्याचा व्यापारी काजूगर घ्यायला तयार आहे, पण ‘साफ्टाचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन द्या’ म्हणतो. आम्ही निम्मी बी गावची आणि निम्मी आफ्रिकेची फोडतो. सर्टिफिकेट मिळेल का?
– एक कारखानदार, वेंगुर्ला

उत्तर : गावच्या बीच्या गराला मिळेल. आफ्रिकेच्या बीच्या गराला सर्वसाधारण नियमाने मिळणार नाही, आणि नेमकी इथेच बहुतेकांची गल्लत होते.

दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार, म्हणजे साफ्टा, १ जानेवारी २००६ पासून लागू आहे. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन म्हणजे माल कुठल्या देशातला, याचा दाखला; तो दाखवला की ग्राहकाला आयात शुल्कात सवलत मिळते. बाहेरचा कच्चा माल वापरला तर हा करार दोन अटी घालतो. तयार मालाच्या एचएस कोडचे (जगभर मालाच्या वर्गीकरणासाठी वापरतात तो क्रमांक) पहिले चार आकडे बदलले पाहिजेत, आणि बाहेरच्या मालाची किंमत एफओबी किमतीच्या (माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत) ६० टक्क्यांवर जाता कामा नये. सालासकट बी ०८०१ ३१ मध्ये येते, सोललेला गर ०८०१ ३२ मध्ये. बी वाफवली, फोडली, साल काढली, प्रतवारी लावली, एवढी मेहनत करूनही पहिले चार आकडे तेच राहतात. काही वस्तूंना वेगळे नियम आहेत, ती यादी मात्र एकदा पाहून घ्या.

भाजून खारवलेला काजू २००८ या कोडमध्ये जातो, म्हणजे पहिली अट पूर्ण होते. मग हिशोब येतो. समजा, किलोभर गराला चार किलो बी लागली, बी ११५ रुपयांनी पडली आणि एफओबी किंमत ८०० रुपये आहे. बाहेरचा माल ४६० रुपयांचा, म्हणजे ५७.५ टक्के, चालेल. बीचा दर १२५ झाला की तोच आकडा ६२.५ टक्के होतो आणि सवलत गेली. म्हणून प्रत्येक खेपेचा हिशोब नव्याने मांडा, गेल्या हंगामाचा कागद पुढे करू नका.

गावची बी वेगळ्या खोलीत, वेगळ्या पोत्यांत ठेवा. खरेदीची बिलं आणि रोजच्या फोडणीची वही दोन्ही स्वतंत्र हवीत. एकदा ढीग मिसळला की कोणता गर कुठला, हे सिद्ध करता येत नाही. पूर्ण इथल्या मालासाठी सर्टिफिकेटवर माल कुठला हे ठरवणाऱ्या निकषाच्या रकान्यात ‘ए’ लिहितात. अर्ज ऑनलाइन करायचा असतो, सोबत आयईसी (आयात-निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक), इन्व्हॉइस आणि खर्चाचा तक्ता लागतो. सर्टिफिकेट जहाज सुटण्याआधी हातात असू द्या. त्यातलं वजन, कोड आणि इन्व्हॉइस अक्षरशः जुळले पाहिजेत.

न्हावा शेव्याहून चट्टग्रामला जाणारा कंटेनर अनेकदा कोलंबोत जहाज बदलतो. तेवढ्याने सवलत जात नाही, पण थ्रू बिल ऑफ लेडिंग, म्हणजे पूर्ण प्रवासाची एकच मालपावती, घ्या आणि वाटेत माल उघडू देऊ नका. मात्र या सगळ्याच्या आधी तुमचा कोड बांगलादेशाच्या संवेदनशील यादीत, म्हणजे सवलत न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत, आहे का, ते त्या व्यापाऱ्याकडून लेखी विचारून घ्या. यादीत असला तर सर्टिफिकेटचा काही उपयोग नाही.

प्रश्न : सार्कची बैठकच होत नाही, मग हा करार चालू तरी आहे का? – रत्नागिरी

उत्तर : चालू आहे. साफ्टा हा सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेचा करार. तिची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला झाली, पण शुल्काच्या सवलती प्रत्येक देशाच्या स्वतःच्या अधिसूचनेने लागू होतात, परिषदेवर अडत नाहीत. पाकिस्तानशी व्यापार मात्र २०१९ पासून जवळपास थांबला आहे. आणि करार म्हणजे शून्य खर्च नव्हे: श्रीलंकेत सीमाशुल्काखेरीज सेस (जादा उपकर) आणि बंदर-विमानतळ आकारणीही लागू शकते. दर ठरवताना ग्राहकाकडून सगळ्या आकारण्यांचा तपशील मागवा.

प्रश्न : हापूस रक्सौलमार्गे नेपाळला पाठवायचा आहे. काय सांभाळावं? – देवगड

उत्तर : तिकडच्या ग्राहकाने आयात परवाना आधी काढावा, त्यानंतरच तुम्ही फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटसाठी (फळं रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला) फळं तपासून घ्या. ट्रक निघाल्यावर परवान्यासाठी धावपळ झाली तर सीमेवरच्या उन्हात दोन दिवसांत पेटीतला आंबा पिवळा पडून खालचा थर दबतो. फळ चौदा आण्यांपेक्षा (सोळा आणे म्हणजे पूर्ण पक्व) जास्त पक्व नको, देठ थोडा ठेवून काढा. चीक सुकू द्या, मगच पेटी भरा.