आईवर लिहायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : आमच्या आईचं नुकतंच निधन झालं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर वाचनालय, साक्षरता वर्ग, रुग्णालयात एकट्या पडलेल्यांना सोबत असं तिचं कायम काही ना काही चालू असायचं. शोकसभेत 5 मिनिटं बोलायचं आहे, पुढे छोटी स्मरणिकाही काढायची आहे. पण 'प्रेमळ, शिस्तप्रिय, सेवाभावी' याच्या पुढे गाडी सरकत नाही.

उत्तर : विशेषणं बाजूला ठेवा, कामं लिहा. 'सेवाभावी' म्हणजे बाई नेमकं काय करायच्या? कोणत्या वारी, किती वाजता, कोणाबरोबर, पिशवीत काय घेऊन? 'साक्षरता वर्ग घ्यायच्या' एवढ्यानं काही दिसत नाही. 'पाटीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून द्यायच्या आणि आधी त्यावरून बोट फिरवायला लावायच्या' असं लिहिलं की बाई समोर उभ्या राहतात. असे दोन प्रसंग भाषणाला पुरतात. सावकाश बोलताना मिनिटाला साधारण 100 शब्द होतात, पण मजकूर 450 शब्दांवर थांबवा, कारण मध्येच कंठ दाटून येतो आणि थांबावं लागतं. कागदाच्या एकाच बाजूला, मोठ्या टाइपात छापा, पानांना क्रमांक घाला. एक प्रत जवळच्या कोणाकडे देऊन ठेवा, म्हणजे बोलवेनासं झालं तर ती व्यक्ती पुढे वाचेल.

स्मरणिकेचं खरं कष्टाचं काम वेगळंच आहे. नोकरीच्या तारखा नेमणूकपत्रात, बदलीच्या आदेशात, निवृत्तिवेतनाच्या कागदांत सापडतात. स्वयंसेवेची नोंद मात्र सहसा कुठेच नसते, ती सोबत काम केलेल्यांच्या आठवणीत असते. म्हणून जुन्या डायऱ्या, पावती पुस्तकं, बैठकांची इतिवृत्तं यातून नावं काढा आणि सर्वांत वयस्कर व्यक्तीला आधी भेटा. 'आई कशी होती?' असं विचारलंत तर 'फार चांगल्या होत्या' एवढंच हाती लागेल. 'पहिली भेट कुठे झाली? त्या दिवशी काय काम होतं? त्या कशावरून चिडायच्या?' असं विचारा. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा. तेव्हा फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर ऐन बोलण्यात कुणाचा तरी फोन येतो.

ज्यांची फी आईंनी गुपचूप भरली, त्यांची नावं त्यांच्या संमतीशिवाय छापू नका. आईंनी जे झाकून ठेवलं ते आपण उघडं करायचं नाही. आणि त्या बाहेर असताना घर कोणी सांभाळलं, जेवायला कोण थांबून राहिलं, हेही लिहा. नुसती पदांची यादी छापली तर घरची माणसं त्यात कुठेच दिसत नाहीत.

प्रश्न : जुने फोटो छापताना धूसर येतात. काय चुकतं?

उत्तर : बहुतेक वेळा फोटोचा मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो. काढताना चकाकी येते, पाठवताना फाइल आकसते. स्कॅनरवर 600 डीपीआयला (म्हणजे इंचामागे 600 ठिपके) स्कॅन करा. 2 बाय 3 इंचांचा फोटो मग 4 बाय 6 इंचांपर्यंत स्वच्छ छापता येतो. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. अल्बमला घट्ट चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.

प्रश्न : भावंडांत एकाच प्रसंगाच्या तीन कहाण्या आहेत. कोणती छापायची?

उत्तर : तारीख, ठिकाण यावर मतभेद असेल तर कागद शोधा. कागद नसेल तर वर्ष गाळा, 'निवृत्तीनंतर' एवढं पुरतं. आठवणीतच फरक असेल तर ज्याची त्याची कहाणी त्याच्या नावानं छापा. शेवटचा हात मात्र एकाच व्यक्तीनं फिरवावा. मजकूर कमी-जास्त करताना पानांची संख्या 4च्या पटीत बसवा. मध्ये पिन मारलेल्या पुस्तिकेत 18 पानांचा मजकूर झाला तर 2 पानं कोरी राहतात.