क्लॅरोनेट शिकायला लागून सहा महिने झालेत. माउथपीस बदलावा का, आणि बदलायचा तर कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की वाद्य जुनं घेतलंय, त्याच्याबरोबर आलेलाच माउथपीस वापरताय, वरचे स्वर चिरकतात, आणि पुढे गाण्याला साथ करायची इच्छा आहे. एकाने यामाहाचा 4सी सुचवलाय, दुसऱ्याने वँडोरेनचा बी45. एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिली नाहीत, आणि मी सगळ्यात आधी तेच विचारीन: रीड, म्हणजे माउथपीसवर लावायची थरथरणारी पातळ पट्टी, कितव्या नंबरची वापरता? (नंबर जितका मोठा, तितकी रीड कडक.) माउथपीस एकटा निवडताच येत नाही. तो रीडबरोबरच निवडावा लागतो.

माउथपीसचं टोक आणि रीडचं टोक यांच्यामध्ये एक फट असते. 4सीमध्ये ती 1.05 मिलिमीटर आहे, बी45मध्ये 1.195. फरक म्हणजे झेरॉक्सच्या कागदाचे जेमतेम दीड थर. पण ओठांना तो पहिल्याच फुंकीत कळतो. रीड थरथरताना ही फट बंद-उघड होत राहते. फट मोठी आणि रीड जाड असेल तर ती हलवायलाच सगळा दम खर्च होतो. फट लहान आणि रीड फार पातळ असेल तर जरा जोर दिला की रीड टोकाला चिकटते आणि स्वर बसतो.

हे मी अंगावर घेऊन शिकलोय. विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर ढोलांच्या गदारोळातूनही एका बँडचं क्लॅरोनेट लख्ख ऐकू येत होतं. ते ऐकून मी दुकानात होता त्यातला सगळ्यात उघडा, म्हणजे मोठ्या फटीचा, माउथपीस आणला आणि वर तीन नंबरची रीड लावली. पंधरा दिवसांत खालच्या ओठाला आतून जखम झाली आणि साधे पलटेही धड निघेनात. आमच्या गुरुजींनी माउथपीस तोच ठेवला, फक्त दोन नंबरची रीड लावून दिली. त्याच संध्याकाळी मंद्रातला स्वर पहिल्यांदा मोकळा आला. रस्त्यावर वाजवणाऱ्याला आवाज लांब फेकायचा असतो. खोलीत तानपुऱ्याजवळ बसून वाजवणाऱ्याची गरज वेगळी असते.

चिरकण्याचं म्हणाल, तर आधी घरीच एक तपासणी करा. ओली रीड लावून माउथपीस वाद्यापासून काढा. खालचं तोंड तळहाताने घट्ट बंद करा, वरून हवा ओढून घ्या आणि ओठ काढा. रीड एक-दोन सेकंद चिकटून राहिली आणि मग ‘टप्’ आवाज करून सुटली, तर सगळं ठीक आहे. लगेच सुटली तर हवा कुठेतरी गळतेय. नवी रीड लावून पुन्हा पाहा. पुण्यात मार्च ते मेच्या कोरड्या हवेत रीड वाकतात, टोकाला लाटा पडतात, आणि दोष मात्र माउथपीसला जातो. नव्या रीडवरही हवा टिकत नसेल, तर माउथपीसची सपाट बाजू किंवा कड बिघडलेली आहे, तो बदलाच. आणि हवा टिकूनही चिरकत असेल, तर बोटं भोकांवर नीट बसतात का आणि वाद्याचे पॅड (भोकं झाकणाऱ्या गाद्या) गळतात का, हे दुसऱ्या कुणाकडून तरी पाहून घ्या. जुन्या वाद्यात बहुतेकदा पॅडच गेलेले असतात.

दुकानात जाताना स्वतःचं वाद्य, स्वतःच्या दोन-तीन नंबरांच्या रीड आणि फोनवरचा तानपुरा न्या. नुसता माउथपीस आणि बॅरल (त्याच्या खालचा छोटा जोड) जोडून फुंकलं तर स्वर काळी तीनच्या आसपास यायला हवा. फारच खाली येत असेल तर तुमचे ओठ ढिले आहेत किंवा रीड मऊ आहे. त्या अवस्थेत कुठल्याच माउथपीसची पारख होणार नाही.

मग माझी आवडती परीक्षा. बी-फ्लॅट क्लॅरोनेटवर डाव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटं बंद करून येणारा स्वर काळी पाच असतो. तानपुरा काळी पाचला लावा आणि हा सा शांतपणे धरा. आता बोटं न उचलता अंगठ्याची वरची की दाबा. क्लॅरोनेट बासरीसारखं तार सा देत नाही, थेट तार सप्तकातल्या पवर जातं. तो प तानपुऱ्यातल्या पमध्ये विरघळला पाहिजे. ओठ आवळून तो वर चढवावा लागत असेल, किंवा सैल सोडून खाली आणावा लागत असेल, तर त्या माउथपीसची आतली पोकळी तुमच्या वाद्याशी जुळत नाही. नाव कितीही मोठं असो, तो परत ठेवा. मी एकदा चार माउथपीस असे वाजवून पाहिले होते. सगळ्यात महागावरचा प चढा आला.

साथ करायची म्हणजे हार्मोनियमबरोबर वाजवणं आलं. वँडोरेनचे नेहमीचे माउथपीस साधारण 442 हर्ट्झच्या पट्टीला धरून बनवलेले असतात, ‘13’ मालिकेतले किंचित खालच्या 440ला. पहिल्या प्रकाराने स्वर किंचित चढा वाटला तर बॅरल थोडी बाहेर ओढून भागतं, घाबरायचं कारण नाही.

आता तुमच्या दोन नावांबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता 4सी घ्या, वर दोन किंवा अडीचची रीड, आणि एक वर्ष त्यावरच रियाज करा. तो प्लास्टिकचा आहे, त्यामानाने स्वस्त आहे आणि स्वर सरळ ठेवतो. पुढे मींड घ्यायला लागाल तेव्हा जबडा किंचित सैल करून गवरून रेवर उतरताना जागा अपुरी वाटेल. बी45ची वेळ ती. जास्त फट आणि थोडी मऊ रीड असली की स्वर ओठांनी वाकवता येतो. क्लॅरोनेटवादक मास्टर इब्राहिम यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐका, म्हणजे वाकवणं म्हणजे काय ते कळेल. आज बी45 घेतलात तर तीच मोकळीक तुमचा सा हलवत राहील.

बी45 एबोनाइटचा असतो, म्हणजे कडक रबराचा. त्याला ऊन आणि गरम पाणी चालत नाही. माझा बी45 एकदा एप्रिलमधल्या दुपारी स्कूटरच्या डिकीत राहिला. काळाभोर होता, तो हिरवट-तपकिरी झाला आणि तोंडात गंधकाची चव येऊ लागली. कोमट पाण्याने धुवा, मऊ कापडाने बोटाने पुसा. आतून फडकं ओढू नका, कडा झिजतात.

तुमचं वाद्य जुनं म्हणताय, म्हणजे अल्बर्ट पद्धतीचं (कळांच्या जुन्या रचनेचं) असू शकतं. तसं असेल तर माउथपीसचा बुचाचा भाग बॅरलमध्ये नीट बसतो का हे आधी बघा. जोर लावून घुसवू नका. वाद्य कुठल्या पद्धतीचं आहे आणि रीडचा नंबर काय, ते कळवा.